बाबांच्या कॅनन ईओएस-१व्हीसाठी ईएस-ई१ची सीडी आणि केबल नागपुरात कोणाकडे आहे का?

बर्डीकर

नमस्कार सर्वांना. दोन महिन्यांपासून एक गोष्ट शोधून राहिलो आहे, कुठेच भेटत नाही, शेवटी म्हटलं इथे विचारून पाहू. थोडं लांब होईल, सांभाळून घ्या.

माझे बाबा फोटोग्राफर होते, नागपुरातच. लग्न, मुंज, शाळेच्या गॅदरिंगा हे पोटापाण्याचं, आणि जीव होता तो मारबतीच्या (पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी निघणाऱ्या मोठ्या पुतळ्यांच्या) मिरवणुकीत अन् पेंचच्या जंगलात. मागच्या वर्षी गेले. आता आईने कपाट मोकळं करायला सांगितलं, तर वरच्या कप्प्यातल्या स्टीलच्या डब्यात त्यांचा कॅनन ईओएस-१व्ही निघाला. धुतलेल्या मलमलच्या कपड्यात गुंडाळलेला, बाजूला सिलिका जेलची पुडी, त्यातले निळे दाणे पार गुलाबी होऊन गेलेले. २सीआर५ बॅटरी ऑनलाइन मागवली, टाकली, स्विच फिरवला आणि वरचा डिस्प्ले लगेच आला. मी तिथेच खाली बसून राहिलो थोडा वेळ.

सोबत मॅन्युअल होतं, ते रात्रभर वाचलं. त्यात लिहिलं आहे की हा कॅमेरा ३६ फोटोंच्या १०० रोलपर्यंतचा हिशोब स्वतःच्या मेमरीत ठेवतो. कोणत्या तारखेला रोल टाकला, प्रत्येक फोटोला शटर किती, ॲपर्चर किती, लेन्स किती मिलिमीटरवर होती, सगळं. म्हणजे बाबांनी शेवटी शेवटी काढलेल्या फोटोंची माहिती अजून आतच पडून असेल, असं मला वाटते. पण ती वाचायला ईएस-ई१ नावाचं सॉफ्टवेअर आणि त्याची केबल लागते. कपाटात ईएस-ई१चा खोका भेटला, पण रिकामा. सीडी अन् केबल जुन्या कॉम्प्युटरसोबत होती, आणि तो कॉम्प्युटर घर बदलताना आम्ही भंगारात देऊन टाकला. हे आठवलं की अजून पोटात कालवते.

बर्डीत चार दुकानं पाहिली, सदरला दोन पाहिली. एका ठिकाणी काउंटरवरचा मुलगा म्हणाला की फिल्म कॅमेऱ्याला कॉम्प्युटर कशाला जोडता. त्याचीही चूक नाही, त्याने असलं काही पाहिलंच नसणार.

तर विचारायचं हे की ही सीडी-केबल कुठे भेटेल, भेटली तर माझ्या विंडोज ११च्या लॅपटॉपवर चालेल का, आणि इतकी वर्षं बॅटरी नसताना आतली माहिती राहिली असेल का. अजून एक, मोडचं बटण दाबून चाक फिरवलं तर फक्त मॅन्युअल आणि ॲपर्चर प्रायॉरिटी हे दोनच येतात, बाकी काहीच येत नाही. खराब झाला का? पीबी-ई२ बूस्टर (कॅमेऱ्याच्या खाली लागते ती बॅटरीची ग्रिप) पण आहे, त्यात पेन्सिल सेल तसेच राहून गेलेले, पांढरं-हिरवं साचलं आहे.

आणि एक राहिलंच. २००१च्या नंतरच्या प्रत्येक निगेटिव्हच्या पाकिटावर बाबांच्या अक्षरात लाल पेनाने लिहिलं आहे, "पुढचं टोक फेकू नये". हे कशासाठी, आईला पण माहीत नाही. कोणी सांगू शकेल का?

निगेटिव्हपेटी

बर्डीकर दादा, तुमची पोस्ट वाचून आधी शेवटच्याच ओळीचं उत्तर देतो, कारण बाकी सगळ्याची किल्ली तिथेच आहे.

एक काम करा. त्यातलं कुठलंही एक पाकीट उघडा, पहिली पट्टी खिडकीसमोर धरा आणि पहिल्या फोटोच्या आधीचा भाग नीट बघा, भिंग असेल तर भिंगाने. तिथे बारीक आकडे दिसतील, दोन आकडे, मध्ये रेघ, मग तीन आकडे. ईओएस-१व्ही रोल भरताना फिल्मच्या सुरुवातीला स्वतःचा आयडी छापतो. पहिले दोन आकडे कॅमेऱ्याचे आणि नंतरचे तीन रोलचे. मेमरीत जो हिशोब असतो तो याच नंबरखाली असतो. म्हणजे निगेटिव्ह कुठली आणि माहिती कुठली याची जोडी लावायला तेवढा एकच धागा. आणि लॅबवाले सहा-सहा फोटोंच्या पट्ट्या कापताना सुरुवातीचा तुकडा कचऱ्यात टाकतात, त्यांच्या दृष्टीने त्यात फोटोच नसतो. तुमच्या बाबांनी प्रत्येक वेळी ते टोक वाचवलंय. इतकी शिस्त मी फार कमी लोकांत बघितली आहे, खरंच.

आता मोडचं. कॅमेरा खराब नाही, बहुतेक बाबांनीच तसा करून घेतलाय. या कॅमेऱ्यात कस्टम फंक्शन सोडून आणखी ३० पर्सनल फंक्शन आहेत आणि ती फक्त ईएस-ई१ मधूनच बदलता येतात, कॅमेऱ्याच्या बटणांवरून नाही. त्यातलं एक असं आहे की जे मोड आपण वापरत नाही ते बंद करून टाकायचे, म्हणजे घाईत चाक फिरवताना चुकून भलतं काही लागत नाही. मिरवणुकीत काम करणारा माणूस हे करणारच. त्यामुळे तो रिपेअरला वगैरे देऊ नका आणि कुणी रिसेट करून देतो म्हणालं तरी करू देऊ नका, ती त्यांची बसवलेली घडी आहे.

नवीन मिळण्याचं म्हणाल तर विसरा. कॅमेरा आला २००० साली, उत्पादन २०१० मध्ये थांबलं, राहिलेला साठा विकत विकत कॅननने विक्री बंद झाल्याचं जाहीर केलं ते २०१८च्या मे महिन्यात. दुरुस्तीची मुदतही ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंतच ठेवली होती. ईएस-ई१ तर कॅमेऱ्यापेक्षा दुर्मीळ, कारण कॅमेरा घेणाऱ्यांपैकी थोड्यांनीच ते वेगळे पैसे देऊन घेतलं. जपानमधले विक्रेते कधीकधी ऑनलाइन काढतात. घेताना फोटोत सीडी आणि केबल दोन्ही दिसतायत ना ते बघा, नुसती सीडी घेऊन काहीच उपयोग नाही. केबलचं एक टोक यूएसबीचं असलं तरी कॅमेऱ्याकडचं टोक वेगळं असतं, प्रिंटरची केबल तिथे बसणार नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. माहिती बाहेर काढेपर्यंत त्या कॅमेऱ्यात नवीन रोल टाकू नका. मोह होईल, मला माहीत आहे. पण मेमरी किती भरली आहे हे तुम्हाला आत्ता कळायला मार्ग नाही, आणि जुन्या हिशोबाच्या बाबतीत कशाला नशिबावर सोडायचं.

जुनाट_लेन्स

मी अमरावतीचा, माझ्याकडे कॅनन नाही, निकॉनचा एफ१०० आहे, पण हेच सगळं मी भोगून झालो आहे म्हणून लिहितो.

निकॉनचं सॉफ्टवेअर होतं फोटो सेक्रेटरी, एफ५ ला वेगळं आणि एफ१०० ला वेगळं, आणि दोन्हीला केबल एमसी-३३. त्या केबलचं कॉम्प्युटरकडचं टोक म्हणजे नऊ पिनांचा सिरियल पोर्ट, जो आजकालच्या लॅपटॉपला नसतोच. मग मी यूएसबी-टू-सिरियल कन्व्हर्टर घेतला, स्वस्तातला, तर अर्धी माहिती यायची आणि गाडी तिथेच थांबायची, आठ दिवस मला वाटे कॅमेराच गेला. शेवटी एफटीडीआय चिपचा कन्व्हर्टर घेतला, डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन पोर्टचा नंबर कॉम ११ चा कॉम २ केला, कारण त्या काळची सॉफ्टवेअरं पहिल्या चार पोर्टांच्या पलीकडे पाहतच नव्हती, आणि मग लगेच कॅमेरा ओळखला गेला. त्या रात्री मी बायकोला झोपेतून उठवून दाखवलं.

कोणी घरी केबल बनवत असेल तर एक सांगून ठेवतो, सिरियल पोर्टचे व्होल्टेज आणि कॅमेऱ्याच्या आतल्या सर्किटचे व्होल्टेज एक नसतात. सिरियलवर अधिक-उणे १२ व्होल्टपर्यंत जाऊ शकते, कॅमेऱ्याला ते सहन नाही होणार. मध्ये लेव्हल बदलणारी मॅक्स२३२ सारखी चिप लागतेच. नुसत्या तारा जोडून पाहू नका, गेलेला बोर्ड पुन्हा भेटत नाही.

त्या मानाने बर्डीकर भाऊ तुमचं बरं आहे, १व्हीची केबल यूएसबी आहे. मिनोल्टावाल्यांचं तर अजून वेगळं, डायनॅक्स ७ आपल्यातली माहिती डीएस-१०० नावाच्या डब्यातून स्मार्टमीडिया कार्डावर टाकायचा, म्हणजे आज डबा पण शोधा, कार्ड पण शोधा आणि ते वाचणारा रीडर पण शोधा. निकॉनने एफ६ ला २००४ मध्ये जरा शहाणपण केलं, एमव्ही-१ नावाचा रीडर, सरळ कॉम्पॅक्टफ्लॅश कार्डावर टेक्स्ट फाइल, कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअरच नको. पण एमव्ही-१ आता बंद झाला आणि त्याचे भाव पाहिले तर त्यात एक चांगली लेन्स येते.

माझ्या एफ१०० मध्ये मात्र काही जुनं सापडलं नाही, कारण त्यात नोंद ठेवणं आधी सॉफ्टवेअरमधून चालू करावं लागते आणि आधीच्या मालकाने ते कधी केलंच नव्हतं. तुमच्याकडे तर खोका आहे, म्हणजे बाबा वापरत होते. काही ना काही नक्की निघेल भाऊ, धीर धरा.

कॉमपोर्ट

नागपूरचाच आहे, कॉम्प्युटर रिपेअरिंगचं काम करतो, कॅमेऱ्यातलं काही कळत नाही पण विंडोजचं सांगतो.

विंडोज ११ वर थेट चालणार नाही. लोकांना वाटते की प्रोग्राम इन्स्टॉल झाला म्हणजे झालं. प्रोग्राम ३२ बिटचा असला तर एखादवेळी ६४ बिट विंडोजवर उघडेल सुद्धा, पण केबलचा ड्रायव्हर ३२ बिटचा असला तर ६४ बिट विंडोज त्याला घेतच नाही. म्हणजे सॉफ्टवेअर समोर दिसेल आणि कॅमेरा दिसणार नाही, आणि माणूस केबलला दोष देत बसतो. माझ्याकडे प्लॉटर, वजनकाटे, दवाखान्यातली मशीनं घेऊन लोक येतात, दर वेळी हीच कथा.

दोन रस्ते आहेत. पहिला, व्हर्च्युअलबॉक्समध्ये (लॅपटॉपच्या आत दुसरा कॉम्प्युटर चालवणारा प्रोग्राम) ३२ बिटचं विंडोज एक्सपी टाका, त्याच्या सेटिंगमध्ये यूएसबीचं फिल्टर लावा, म्हणजे केबल लावली की ती लॅपटॉपकडे न जाता सरळ आतल्या एक्सपीला भेटते. यूएसबी १.१ ठेवा, जुन्या उपकरणांना तेच बरं पडते. दुसरा रस्ता मला जास्त आवडतो, जुना खराखुरा एक्सपीचा लॅपटॉप. मध्ये कोणी नाही, भानगड नाही. माझ्या दुकानात असे तीन चालू आहेत, मी विकत नाही ते, अशाच कामासाठी जपून ठेवले आहेत. इंटरनेट जोडायचं नाही त्याला, बस.

आणि सीडी भेटली तर पहिलं काम, तिची आयएसओ फाइल, म्हणजे सीडीची हुबेहूब नक्कल, बनवून दोन जागी ठेवा. आपल्याकडे मे महिन्यात पत्र्याखालच्या खोलीत काय तापते माहीत आहे ना, सीड्यांचं कोटिंग सुटते, मी पाहिलं आहे.

केबल भेटली की सांगा, लॅपटॉप घेऊन मीच येतो. माझे वडील शिंप्याचं काम करत, त्यांची मापाची वही मी अजून ठेवली आहे. पैसे वगैरे काही नको.

अंबाझरीची_सकाळ

बर्डीकर, तुमची पोस्ट काल रात्री वाचली आणि आज सकाळी पहिले माळ्यावरची पेटी उतरवून पाहिली, म्हणून उत्तराला उशीर झाला.

माझ्याकडे ईएस-ई१ आहे. सीडी, केबल, पुस्तिका, सगळं. मी अंबाझरी तलावावर पक्ष्यांचे फोटो काढत होते, १व्ही २००३ मध्ये घेतला आणि सोबतच हे घेतलं, कारण मला स्लाइडवर काम करायचं होतं आणि स्लाइडला एक्स्पोजर अर्धा स्टॉप चुकला तरी खेळ संपतो. रोज वहीत लिहायची पण पक्षी उडताना कोण लिहिणार. मग संध्याकाळी घरी येऊन केबल लावायची आणि स्लाइड धुऊन आल्या की एकेक समोर ठेवून पाहायचं, इथे काय केलं, तिथे काय चुकलं. माझं सगळं शिक्षण असंच झालं. आता गुडघ्यांमुळे तलावावर जाणं होत नाही, कॅमेरा भाचीला दिला, पण हे तिला लागत नव्हतं म्हणून राहिलं.

केबल चांगली आहे, रबर कडक झालं पण तुटलेलं नाही. सीडीवर चरे आहेत, पण मी २००९ मध्येच तिची कॉपी करून ठेवली होती. मी स्वतः एक्सपीवरच चालवत होते, तेव्हा चालण्याची काळजी नको.

कुरिअरने पाठवणार नाही, राग मानू नका, हरवलं तर दुसरं कुठून आणणार. तुम्ही आणि ते कॉम्प्युटरवाले भाऊ दोघं घरीच या, रविवारी. मी तुम्हाला मेसेजमध्ये पत्ता टाकते. आईंना यायचं असेल तर त्यांनाही घेऊन या.

येण्याआधी दोन गोष्टी. केबल लावायच्या आधी कॅमेऱ्यात ताजी २सीआर५ घाला, वाचताना मध्येच बॅटरी बसायला नको. आणि बूस्टरचं म्हणालात, तर सेल काढून टाका, कापसाच्या बोळ्याला थोडं पांढरं व्हिनेगर लावून ती साचलेली पांढरी-हिरवी भुकटी पुसा, मग स्पिरिटने पुसून दोन दिवस वाळू द्या. अल्कलाइन सेलची गळती व्हिनेगरने निघते. स्प्रिंगवरचं कोटिंग गेलं असेल तर बारीक पॉलिश पेपर. त्यातली एनपी-ई२ बॅटरी आता नवीन भेटत नाही, पण पेन्सिल सेलचं मॅगझिन आहे ना तुमच्याकडे, त्यात चार्जेबल निकेलवाले आठ सेल टाका, छान चालते. एनपी-ई२ वर सेकंदाला दहा फोटो जायचे, सेलवर थोडे कमी. आजच्या फिल्मच्या भावात तसेही कोण उडवणार आहे.

कूलरच्या खोलीत मात्र कॅमेरा ठेवू नका. उन्हाळाभर कूलरने खोली दमट होते आणि लेन्सला बुरशी लागते. तुमच्या वडिलांनी डबा आणि सिलिका ठेवली होती ती उगीच नाही. ते गुलाबी दाणे कढईत मंद आचेवर गरम करा, पुन्हा निळे होतात. फक्त ती कढई नंतर स्वयंपाकाला वापरू नका.

बर्डीकर

ताई, काय बोलू. आईला तुमचं लिहिलेलं वाचून दाखवलं, ती येते म्हणाली. निगेटिव्हपेटी दादा, आकडे आहेत! पहिल्याच पाकिटात, ०१-०३१. इतकी वर्षं आम्ही ते फिल्म कंपनीचे आकडे समजून राहिलो. काल रात्री बसून ८४ पाकिटांचे नंबर वहीत उतरवले, फक्त दोन पाकिटांत टोक नाही.

रविवारी भेटू. काय होते ते इथे सांगतोच.

बर्डीकर

झालं. सगळं सांगतो, घाईत लिहून राहिलो आहे म्हणून मागेपुढे होईल.

कॉमपोर्ट भाऊ सकाळी साडेनऊलाच त्यांचा जाडजूड लॅपटॉप घेऊन हजर. ताईंनी पोहे केले होते, पण कोणी हातच लावेना. सॉफ्टवेअर टाकलं, केबल लावली, तर पहिल्यांदा काहीच नाही. ताई म्हणाल्या कॅमेरा बंद करून परत चालू करा. केला. आणि मग एक पट्टी हळूहळू भरत गेली आणि यादी आली. ९१ रोल. आई माझ्या खांद्याला धरून उभी होती. शेवटचा रोल २००८ मधला आहे, त्यानंतर बाबांनी डिजिटल घेतला.

ताईंनी आधीच बजावलं होतं की पुसण्याचं कुठलंही बटण दाबायचं नाही, आणि सगळ्यात आधी प्रत्येक रोलचा स्क्रीनशॉट घ्यायचा. दीड तास आम्ही तेच केलं. कॉमपोर्ट भाऊंनी तीन पेनड्राइव्हवर कॉपी केली, एक ताईंकडेच ठेवली.

मग म्हटलं एक रोल पाहू नीट. ०१-०३१ घेतला, कारण त्याची निगेटिव्ह मी सोबत नेली होती. सप्टेंबर २००५, तान्ह्या पोळ्याचा दिवस, मारबत. आमच्या घरी दिवाणखान्यात लावलेला पिवळ्या मारबतीचा फोटो याच रोलमधला. लहानपणी मी बाबांना विचारायचो की एवढ्या गर्दीत, धक्के खात, "घेऊन जा गे मारबत" चालू असताना तुम्हाला उजेडाचं कसं कळते, तर ते म्हणायचे सवयीने होते. मला खरंच वाटायचं की अंदाजाने काढत असतील.

आता पाहा. फ्रेम ५ ते ९, पिवळी मारबत, ॲपर्चर प्रायॉरिटी, एफ/८, प्रत्येकाला एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (मीटर सांगते त्यापेक्षा उजेड मुद्दाम कमी-जास्त घेणं) अधिक दोन तृतीयांश. फ्रेम १० ला बहुतेक मागे वळले, गर्दीतली माणसं आहेत, कॉम्पेन्सेशन शून्य. आणि फ्रेम १४ पासून काळी मारबत, लगेच उणे एक. पिवळं मोठं अंग मीटरला फसवून फोटो काळवंडून टाकते म्हणून वाढवलं, काळं अंग मीटरला उलट फसवून फिकं करते म्हणून कमी केलं. ताईंनी समजावून सांगितलं तेव्हा मला कळलं. दर वेळी, त्या धक्काबुक्कीत, अंगठ्याने मागचं चाक फिरवून. फ्रेम २२ ला ते चुकले. काळी मारबत आहे आणि कॉम्पेन्सेशन अधिक दोन तृतीयांश आहे. २३ ला बरोबर केलं. निगेटिव्ह खिडकीला लावून पाहिली तर २२ खरंच बाकीपेक्षा दाट आहे. ती पाहून आई हसली, म्हणाली घरी आल्यावर म्हणाले होते की एक घाण झाला.

ताईंनी मला तेव्हाच सांगितलं की तुम्ही या कॅमेऱ्याने फोटो काढा, मी शिकवते. जाणार आहे मी.

निगेटिव्हपेटी

दादा, हे वाचताना अंगावर काटा आला. कॉम्पेन्सेशनचं तुम्ही लिहिलंत ते तर कुठल्याही क्लासमध्ये दाखवावं असं आहे, फ्रेम २२ सकट.

आता पुढचं काम सुचवतो. निगेटिव्ह स्कॅन केल्यात की एक्झिफटूल नावाचा मोफत प्रोग्राम आहे, त्याने ही माहिती प्रत्येक स्कॅनच्या फाइलमध्येच लिहिता येते, तारीख, शटर, ॲपर्चर, लेन्स, जसं डिजिटल फोटोत असतं तसंच. एका रोलची माहिती एका तक्त्यात भरली की त्या रोलच्या सगळ्या फाइलींना एकदम लागते. तक्ता स्क्रीनशॉटवरून हाताने भरता येईल. ९१ रोलचं काम आहे, पण रोज एक केलात तरी तीन महिन्यांत होतं. आणि फाइलच्या नावात रोलचा नंबर ठेवाच, ०१-०३१-०५ असं, म्हणजे पाकीट, निगेटिव्ह आणि स्कॅन कधीच वेगळे होणार नाहीत. आकड्यांत अडलात तर मला विचारा, मी करून देईन.

जुनाट_लेन्स

वा भाऊ. बायकोला वाचून दाखवलं, या वेळी जागीच होती. पुढच्या मारबतीला मी अमरावतीहून येतो, एफ१०० घेऊन.

बर्डीकर

या नक्की, माझ्याच घरी उतरा, मिरवणूक सकाळपासून असते.

निगेटिव्हपेटी दादा, कालपासून सुरू केलं, दोन रोल झाले. तक्ता भरताना एक लक्षात आलं, त्यासाठी परत लिहून राहिलो आहे. कॅमेऱ्यात ९१ रोल आहेत आणि घरी पाकिटं ८४. टोक नसलेली दोन पाकिटं तारखेवरून आणि लेन्सवरून जुळवली. राहिले सात. त्यातले चार सलग आहेत, ०१-०५८ ते ०१-०६१, सगळे जानेवारी २००७ मधले, चारही पूर्ण ३६ फोटोंचे, बहुतेक फ्रेम ४०० मिलिमीटरवर, सकाळी सहा ते नऊ. म्हणजे पेंच. आई म्हणते त्या वर्षी बाबांनी एका ओळखीच्या माणसाला प्रदर्शनासाठी निगेटिव्ह दिल्या होत्या, धंतोलीत त्यांचा स्टुडिओ होता, तो नंतर बंद झाला. नाव तिला आठवत नाही.

तर नागपुरात कोणाकडे जुन्या स्टुडिओचं सामान, निगेटिव्हची खोकी, काहीही पडलं असेल, तर एकदा पाकिटं पाहा. पाकिटावर लाल पेनाने "पुढचं टोक फेकू नये" लिहिलेलं असेल, आणि पहिल्या पट्टीवर ०१-०५८ पासूनचे आकडे. बाकीचे फोटो कोणाचेही असोत, मला फक्त ती चार पाकिटं पाहिजेत. मला इथेच मेसेज टाका, मी येऊन घेऊन जाईन.